चुकीचीही एक रीत असते

शाळकरी मुलाच्या वहींत ५२ मधून ३७ वजा करून २५ हें उत्तर मांडलेलें आढळलें, तर शिक्षक त्यावर तांबडी फुली मारतात आणि पुढील उदाहरणाकडे वळतात. फुलीचा अर्थ इतकाच, कीं उत्तर चुकलें. तें कां चुकलें, हें फुली सांगत नाहीं. परंतु जो क्षणभर थांबून पाहील त्याला असें दिसेल, कीं एककस्थानीं दोनांतून सात जात नाहींत म्हणून मुलानें सातांतून दोन काढले व पांच मांडले. दशकस्थानीं पांचांतून तीन काढून दोन मांडले. दशक उसना घेण्याची युक्ति त्याला ठाऊक नाहीं. पण त्याच्यापाशीं एक नियम आहे. प्रत्येक घरांत मोठ्या अंकांतून लहान अंक वजा करावा, हा तो नियम. नियम खोटा आहे, तथापि मुलानें तो चोख पाळला आहे. त्याच मुलाला ८३ मधून ४६ वजा करावयास सांगितले, तर तें ४३ हें उत्तर देईल, असें आधींच सांगतां येतें. जी चूक आधीं वर्तवितां येते, तिला नुसतें अज्ञान म्हणून चालत नाहीं.

चुकीमागील असा नियम शोधून काढण्याची विद्या गेल्या शंभर वर्षांत हळूहळू घडत आली. संगणकाला आज्ञा लिहून देण्याची कला, म्हणजे प्रोग्रॅमिंग, शिकणाऱ्या नवशिक्यांच्या बाबतींत तर ती इतकी पुढें गेली, कीं त्यांचे गैरसमज ओळखण्याचें काम अखेर संगणकाकडेच सोपविण्यांत आलें. ज्या यंत्राला समजून घेतांना माणूस चुकतो, त्याच यंत्रानें माणसाची चूक समजून घ्यावी, असा हा योग आहे. या उद्योगांत यंत्राला काय साधलें आणि काय साधलें नाहीं, हें पाहिलें असतां शिक्षणाविषयींच कांहीं गोष्टी उमगतात.

या विद्येचा उगम संगणकाच्या पूर्वींचा आहे. १९१९ च्या सुमारास ज्यां पियाजे नांवाचे एक तरुण स्विस अभ्यासक पॅरिसला आले. सिरिल बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञांच्या तर्कपरीक्षा तेथील मुलांना देऊन त्यांचें प्रमाण ठरवावें, असें रूक्ष काम त्यांच्या वांट्यास आलें. त्या कामाला बरोबर उत्तरांची मोजदाद पुरेशी होती. पियाजे यांचें लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांनीं वेधून घेतलें. एका वयाचीं मुलें बहुधा एकाच तऱ्हेनें चुकतात, हें पाहून त्यांनीं मुलांना त्यांच्या उत्तरांचीं कारणें विचारावयास आरंभ केला. मूल म्हणजे अपुरा प्रौढ माणूस नव्हे, त्याच्या विचाराला स्वतःची घडण असते, हा त्यांचा पुढील सिद्धांत या विचारपुशींतून वाढीस लागला.

पियाजे यांच्यापाशीं जिनीव्हा येथें १९५८ ते १९६३ या काळांत सेमूर पेपर्ट हे गणिती काम करीत होते. त्यांनीं पुढें अमेरिकेंत वॉली फर्झिग व सिंथिया सॉलोमन यांच्या सहकार्यानें १९६७ सालीं मुलांसाठीं लोगो नांवाची संगणकभाषा निर्माण केली. १९८० मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथांत पेपर्ट यांनीं एक साधा मुद्दा आग्रहानें मांडला. प्रोग्रॅम पहिल्याच खेपेस बिनचूक चालणें ही क्वचित घडणारी गोष्ट. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारा 'हें बरोबर कीं चूक' असें विचारीत नाहीं, तर 'हें दुरुस्त कसें होईल' असें विचारतो. चुकीची लाज न धरतां तिचा शोध घेण्याची ही वृत्ति मुलांना लागावी, अशी त्यांची इच्छा होती.

ज्याला चुकीचें निदान म्हणतां येईल अशा कार्याचा पहिला ठळक टप्पा मात्र वजाबाकीनेंच गांठला. जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन या दोघां अमेरिकन संशोधकांनीं 'बग्गी' नांवाची यंत्रणा रचली आणि १९७८ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रोग्रॅममधील दोषाला इंग्रजींत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. त्यावरून हें नांव. त्यांनीं वजाबाकीचे लहान लहान घटक पाडले आणि प्रत्येक घटकाच्या जागीं त्याचा एखादा सदोष अवतार बसविला, तर कोणतीं उत्तरें येतील, हें यंत्राकडून काढविलें. मग मुलांचीं खरीं उत्तरें त्यांच्याशीं ताडून पाहिलीं. निकाराग्वा देशांतील तेराशेंहून अधिक मुलांचीं उत्तरें तपासतां असें आढळलें, कीं जीं बेफिकीर वाटत होतीं त्यांतील पुष्कळशीं मुलें एखादी चुकीची रीत इमानानें पाळीत होतीं. पुढें कर्ट व्हॅनलेन यांच्या संशोधनांत याला एक महत्त्वाची पुरवणी जोडली गेली. कित्येक मुलांची चुकीची रीत दोन परीक्षांच्या दरम्यान बदलते. अडचण आली कीं मूल वेळ मारून नेण्यासाठीं कांहीं तरी डागडुजी करतें, आणि ती डागडुजी दर वेळीं एकच असेल असें नाहीं. निदान करणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवणें अवश्य होतें.

याच सुमारास संगणक शाळा-कॉलेजांत शिरूं लागला होता. अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ यांनीं १९६४ मध्यें बेसिक ही भाषा सिद्ध केली, ती विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही संगणक वापरतां यावा म्हणून. वजाबाकी शिकणाऱ्या मुलाप्रमाणें येथील विद्यार्थीही रीतसर चुकूं लागले. बहुतेक संगणकभाषांत 'अ = अ + १' अशी आज्ञा लिहितां येते. बीजगणित शिकलेल्या विद्यार्थ्याला ही ओळ अशक्य वाटते. कोणतीही संख्या स्वतःपेक्षां एकानें मोठी कशी असेल? परंतु हें समतेचें विधान नव्हे. अ नांवाच्या घरांत जी संख्या आहे तींत एक मिळवून ती पुन्हां त्याच घरांत ठेव, अशी ती आज्ञा आहे. आतां 'अ = १०, ब = २०, अ = ब' अशा तीन आज्ञा एकापुढें एक दिल्या, तर शेवटीं दोन्ही घरांत २० ही संख्या राहते. नवशिक्यांपैकीं कोणी म्हणतो, दोघांची अदलाबदल होईल. कोणी म्हणतो, ब मधील संख्या अ कडे गेल्यामुळें ब रिकामें पडेल. कोणी उलट दिशेनें वाचून ब ला १० देतो. यांतील एकही उत्तर वेडगळ नाहीं. घरांतील डबा दुसऱ्या डब्यांत ओतला असतां पहिला रिकामा होतो, हा रोजचा अनुभव आहे. संगणकांत संख्या ओतली जात नाहीं, तिची नक्कल होते, एवढेंच त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

अशा गैरसमजांच्या मुळाशीं काय आहे, याचा विचार १९८० नंतरच्या दशकांत जोरानें झाला. ब्रिटनमध्यें बेनेडिक्ट डू बूले व त्यांचे सहकारी यांनीं 'कल्पित यंत्रा'ची कल्पना मांडली. नवशिक्यानें संगणकाची अंतर्रचना जाणली नाहीं तरी चालेल, पण आज्ञा वाचतांना आंत काय घडतें याचें एक सरळ चित्र त्याच्या मनांत असावयास पाहिजे. तें चित्र सदोष असेल तर प्रोग्रॅमही सदोष निपजतो. अमेरिकेंत रॉय पी यांनीं १९८६ सालीं या सर्व चुकांच्या मागें उभ्या असलेल्या एका महाचुकीकडे बोट दाखविलें. यंत्राच्या आंत कोणी तरी समजूतदार मन आहे आणि लिहिणाराच्या मनांतील हेतु तें ओळखील, अशी नवशिक्याची नकळत भावना असते. 'मोजमाप १० असेल तर नमस्कार लिही' अशी आज्ञा आरंभीं एकदां दिली, कीं पुढें केव्हांही मोजमाप १० झालें असतां यंत्र ती आठवून नमस्कार लिहील, असें तो समजतो. वास्तविक ती ओळ ओलांडून गेलेलें यंत्र आपण होऊन मागें वळत नाहीं. माणसांशीं बोलून जो शहाणा झाला, तो यंत्राशींही माणसासारखाच बोलतो. हा दोष बुद्धीचा नव्हे, संवयीचा आहे.

अमेरिकेंतील येल विद्यापीठांत इलियट सोलोवे यांच्या मंडळींनीं याच काळांत एक लहानसें उदाहरण प्रसिद्धीस आणलें. संख्या एकामागून एक वाचाव्या, ९९९९९ आली कीं थांबावें, आणि त्या शेवटच्या संख्येला न धरतां सरासरी काढावी, असा त्याचा गाभा होता. पुढें तें पावसाच्या नोंदींचें उदाहरण म्हणून ओळखलें गेलें. वरवर सोपें दिसणारें हें काम पुष्कळ विद्यार्थ्यांना साधलें नाहीं. सोलोवे, बोनार व एर्लिक यांनीं १९८३ मध्यें दाखविलें, कीं माणसाला 'आधीं वाच, मग वापर' हा क्रम स्वाभाविक वाटतो. पास्कल भाषेची रचना मात्र त्याला उलट क्रम स्वीकारावयास लावी. भाषेंत थोडा पालट करून स्वाभाविक क्रम मोकळा करून देतांच अधिक विद्यार्थी यशस्वी झाले. म्हणजे जी चूक विद्यार्थ्याच्या नांवावर मांडली जात होती, तिचा कांहीं भाग भाषा रचणाराच्या नांवावर मांडणें न्यायाचें होतें.

येलमध्येंच लुइस जॉन्सन व सोलोवे यांनीं 'प्रूस्ट' नांवाची यंत्रणा केली. ती विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम वाचून त्याचा हेतु काय असावा व तो कोठें फसला, याचा तर्क करी. पण प्रत्येक नव्या उदाहरणासाठीं संभाव्य योजना व संभाव्य चुका तज्ज्ञांना हातानें लिहून द्याव्या लागत. चुकांची यादी कधीं पुरी होत नसे. आणि यादींत नसलेली चूक यंत्राला दिसत नसे. शिवाय १९८६ सालीं स्पोरर व सोलोवे यांनीं चुकांची छाननी करून असा निष्कर्ष काढला, कीं पुष्कळ दोष भाषेंतील शब्दांच्या गैरसमजानें घडत नाहींत. निरनिराळ्या योजना एकत्र गुंफतांना ते उद्भवतात. प्रत्येक चुकीला गैरसमज म्हणण्याचा मोह त्यामुळें आवरणें प्राप्त झालें.

हातानें केलेली यादी अपुरी पडते, तर यंत्रानेंच विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून ती तयार करावी, हा विचार येथून बळावला. यालाच मशीन लर्निंग, म्हणजे यंत्राचें शिकणें, म्हणतात. नियम माणसानें लिहून न देतां पुष्कळ उदाहरणांवरून यंत्रानें तो स्वतः शोधावा, हें त्याचें सार. पॅट लँग्ली व स्टेलन ओल्सन यांनीं १९८४ मध्यें हा प्रयोग वजाबाकीवर केला. त्यांच्या यंत्रणेला चुकांची यादी दिलेली नव्हती. विद्यार्थ्याचें उत्तर ज्या पायऱ्यांनीं निघूं शकेल त्या पायऱ्या ती शोधी, आणि त्या केव्हां योजल्या जातात याचा नियम स्वतः बांधी.

परंतु या उत्साहाला लवकरच एक धक्का बसला. डेरेक स्लीमन व त्यांचे सहकारी यांनीं बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग १९८९ सालीं प्रसिद्ध झाले. कांहींना त्यांची नेमकी चूक दाखवून शिकविलें, कांहींना चुकीचा उल्लेख न करतां योग्य रीत पुन्हां शिकविली. दोन्ही गटांना लाभ झाला, पण दोहोंत लक्षणीय अंतर पडलें नाहीं. तेव्हां इतक्या श्रमानें निदान करण्याचा उपयोग काय, हा प्रश्न उघड उभा राहिला. रोगाचें नांव कळून औषध तेंच राहणार असेल, तर नाडीपरीक्षा कशाला?

या प्रश्नाला एक उत्तर टेक्सास विद्यापीठांतून आलें. पॉल बॅफेस व रेमंड मूनी यांनीं सी प्लस प्लस ही भाषा शिकणाऱ्यांसाठीं 'असर्ट' नांवाची यंत्रणा रचली आणि १९९६ मध्यें तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिची युक्ति समजण्यास कठीण नाहीं. यंत्राला प्रथम विषयाचे शुद्ध नियम दिलेले असत. विद्यार्थ्याचें उत्तर त्या नियमांशीं जुळलें नाहीं, कीं यंत्र आपल्याच नियमांत शक्य तितका थोडा फेरबदल करी. एखादी अट गाळी, एखादी जोडी. आणि शेवटीं तेंही विद्यार्थ्यासारखेंच चुकूं लागे. जो फेरबदल करावा लागला, तोच विद्यार्थ्याचा संभाव्य गैरसमज. अनेकांच्या बाबतींत वारंवार आढळणारे फेरबदल एकत्र करून यंत्र चुकांचा संग्रह आपोआप तयार करी. ज्या विद्यार्थ्यांना या निदानाच्या आधारें समज दिली गेली, त्यांची प्रगति केवळ पुन्हां शिकविलेल्यांपेक्षां अधिक झाली. यानें स्लीमन यांचा निष्कर्ष खोटा ठरत नाहीं. निदानाचा उपयोग विषयावर, विद्यार्थ्यावर व समज देण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो, एवढें मात्र ठरतें. चार वर्षांनीं, २००० सालीं, रेमंड सिसन, मासायुकी नुमाओ व मासामिची शिमुरा यांनीं प्रोलॉग भाषेंतील नवशिक्यांच्या चुका यंत्राकडून गटवार लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

एकविसाव्या शतकांत इंटरनेटमुळें चुकांचा तुटवडा संपला. ब्लू-जे या साधनावर जावा भाषा शिकणाऱ्या, व आपल्या नोंदी देण्यास संमति दिलेल्या, जगभरच्या विद्यार्थ्यांच्या निनांवी नोंदी ब्लॅकबॉक्स या प्रकल्पानें २०१३ पासून सांठविण्यास आरंभ केला. त्यांच्या आधारें नील ब्राउन व अमजद अल्तादमरी यांनीं २०१४ मध्यें शिक्षकांच्या अंदाजांची परीक्षा घेतली. नवशिके कोणत्या चुका अधिक करतात, याविषयीं शिक्षकांचीं मतें नोंदींशीं तर जुळलीं नाहींतच, परस्परांशींही जुळलीं नाहींत. वर्षानुवर्षें वह्या तपासणाराही आपल्या विद्यार्थ्यांच्या चुका पुरत्या ओळखत नाहीं, हा निष्कर्ष शिक्षकवर्गाला विनय शिकविणारा होता.

या कार्यांत भारतीय विद्यार्थ्यांच्या चुकांनाही स्थान मिळालें. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सी भाषा प्रथमच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं 'डीपफिक्स' ही यंत्रणा कसास लावली. ९३ निरनिराळ्या उदाहरणांवर लिहिलेल्या ६९७१ सदोष प्रोग्रॅमांपैकीं २७ टक्के तिनें पूर्णपणें दुरुस्त केले, असें २०१७ च्या निबंधांत नमूद आहे. कामगिरी मोठी होती. परंतु राहून गेलेला अर्धविराम घालून देणें निराळें आणि तो कां राहिला हें जाणणें निराळें. घाईनें सुटलेलें चिन्ह आणि मुळांतच न कळलेला नियम, हीं दोन्हीं कागदावर सारखींच दिसतात. दुरुस्ती चुकीला पुसून टाकते. निदानाला ती चूक कांहीं वेळ जपून ठेवावी लागते.

या भेदाची जाणीव ठेवून नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठांतील यांग शी, टॉमस प्राइस व त्यांचे सहकारी यांनीं २०२१ सालीं निराळा मार्ग धरला. त्यांच्या पद्धतींत यंत्र प्रत्येक प्रोग्रॅमचें अंकांच्या मालिकेंत रूपांतर करतें. सारख्या घडणीच्या प्रोग्रॅमांच्या मालिका परस्परांजवळ येतात. चुकलेल्या प्रोग्रॅमांचे असे पुंजके पडले, कीं यंत्राचें काम संपतें. मग तज्ज्ञ एकेक पुंजका उघडून पाहतो आणि ठरवितो, कीं यामागें खरोखर एक गैरसमज आहे, कीं केवळ योगायोगानें हे एकत्र आले. या पद्धतीला त्यांनीं अर्धस्वयंचलित म्हटलें, आणि तो शब्द योग्यच आहे. हजारों वह्यांतून सारख्या चुका वेंचून काढण्याचा धीर माणसापाशीं नाहीं; आणि त्या चुकांना अर्थ देण्याची दृष्टि अशा यंत्रापाशीं नाहीं. २०२२ पासून सर्वत्र पसरलेलीं भाषायंत्रें प्रोग्रॅम चटकन दुरुस्त करून देतात व त्याचें स्पष्टीकरणही अस्खलितपणें लिहितात. तथापि विद्यार्थ्याला न विचारतां त्याच्या मनांतील समजूत ठरविणें, हा तेथेंही शेवटीं तर्कच राहतो.

हा तर्क किती जपून करावा लागतो, याचें एक उदाहरण या इतिहासांतच आहे. इंग्लंडांतील मिडलसेक्स विद्यापीठाच्या सईद देहनादी व रिचर्ड बोर्नाट यांनीं २००६ च्या सुमारास वर सांगितलेल्या 'अ = ब' सारख्या प्रश्नांची एक परीक्षा घेतली. जे विद्यार्थी, बरोबर असो वा चूक, एकच नियम सर्वत्र लावतात ते प्रोग्रॅमिंग शिकतात, बाकीच्यांना तें बहुधा येत नाहीं, असा दावा एका मसुद्यांत झाला आणि तो दूरवर पसरला. विद्यार्थ्यांचे जन्मतःच दोन कळप असतात, अशी समजूत त्यानें बळावली. पुढील प्रयोगांनीं त्या दाव्याला तितका आधार दिला नाहीं. २०१४ सालीं बोर्नाट यांनीं तो दावा जाहीरपणें मागें घेतला. असें करण्याला मोठें धैर्य लागतें. परंतु मधल्या आठ वर्षांत एका लहान प्रश्नावलीच्या आधारें 'याला हें जमणारच नाहीं' असें किती जणांनीं मनांत ठरविलें असेल, त्याचा हिशेब कोण देणार?

निदान आणि निकाल यांतील अंतर येथेंच आहे. 'ब रिकामें पडतें असें हा समजतो' हें निदान. तें उद्यां बदलण्यासाठींच केलेलें असतें. 'हा असाच आहे' हा निकाल. त्यापुढें शिक्षकाला कांहीं करावयाचें उरत नाहीं. यंत्राच्या हातीं लाखों नोंदी आल्या, कीं पहिल्याकडून दुसऱ्याकडे घसरणें सोपें होतें. एका विद्यापीठांतील चुकांवर शिकलेलें यंत्र दुसऱ्या देशांतील, दुसऱ्या भाषेंत विचार करणाऱ्या मुलाची चूक निराळीच वाचूं शकतें. म्हणून यंत्रानें सांगितलेला गैरसमज हा शेवटचा शब्द न मानतां विद्यार्थ्याला विचारावयाचा पहिला प्रश्न मानला, तरच त्याचें चीज होतें.

पॅरिसच्या मुलांना पियाजे यांनीं विचारलेला प्रश्न साधाच होता: हें उत्तर तुला कसें सुचलें? पुढच्या शंभर वर्षांतील यंत्रणांनीं तो प्रश्न कोणाला व केव्हां विचारावा, हें ओळखण्यास पुष्कळ साहाय्य केलें आहे. ५२ मधून ३७ वजा करून २५ लिहिणाऱ्या मुलापुढें तांबडी फुली मारण्यापूर्वीं तोच प्रश्न टाकला, तर तें मूल आपला नियम सांगेल. आणि तो उच्चारतां उच्चारतां त्यांतील खोट कित्येकदां त्याची त्यालाच दिसेल.